पांढरीची माती : चुलीतल्या राखेने लिहिलेला प्रवरेकाठचा इतिहास

१/
१९७४ साली श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे एका झुडपाचे मूळ खणताना जमिनीतून चार कांस्यशिल्पे वर आली. बैलजोडी जुंपलेला रथ व तो हाकणारा पुरुष, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारींचे मिळून वजन ६० किलोहून अधिक. इतिहासाची गोडी असलेल्या बहुतेकांनी त्या रथाचे छायाचित्र कोठे ना कोठे पाहिलेले असते. आजचा धागा त्याच टेकाडातील दुसऱ्या एका वस्तूविषयी आहे. तिचे छायाचित्र कोणी काढत नाही, ती संग्रहालयात काचेआड ठेवली जात नाही. ती वस्तू म्हणजे चुलीतून काढून टाकलेली राख.

२/
प्रथम स्थळाचा परिचय. दायमाबाद हे प्रवरेच्या डाव्या तीरावरील ओसाड गाव. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी हे स्थळ शोधले. त्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातर्फे तीन वेळा उत्खनन झाले : आधी म. न. देशपांडे, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव आणि १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांच्या नेतृत्वाखाली. सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे अशा पाच संस्कृतींचे थर येथे एकावर एक सापडले. स्थूलमानाने इ. स. पू. २२०० ते इ. स. पू. १०००, म्हणजे सुमारे बाराशे वर्षांची वस्ती.

३/
या बाराशे वर्षांत माणसांनी मागे टाकलेल्या थरांची जाडी सुमारे पाच मीटर भरते. एवढा ढीग कशाचा? पडलेल्या मातीच्या भिंती, फुटलेली मडकी, जनावरांची हाडे, शेण, कचरा. आणि या सगळ्यांत मिसळलेली राख. येथील अगदी प्रारंभीच्या घरांतही चुली व धान्य साठविण्याचे खड्डे आढळले आहेत. जेथे चूल आहे तेथे राख आहे, आणि राख भरली की ती काढावीच लागते. घरे बदलली, मडक्यांवरची नक्षी बदलली. हे काम मात्र रोजच्या रोज होत राहिले.

४/
ते काम कसे होत असे, हे ज्यांनी गॅसच पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे एक-दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत पहाटे चूल पेटविण्याआधी घरातील बाई रात्रीची राख पुढे ओढून टोपल्यात वा जुन्या डब्यात भरत असे. चूल आणि तिच्या बाजूची वैल दोन्ही मोकळ्या कराव्या लागत, नाहीतर वारा खेळत नाही, जळण धुमसते आणि घर धुराने भरते. तळाशी बोटभर राख मात्र मुद्दाम राहू देत. ती खालच्या ओलाव्यापासून विस्तवाचे रक्षण करी. मग शेणमातीचे पोतेरे फिरवून चूल सारवली जाई आणि त्यानंतरच जाळ होई.

५/
राखेचे आणखी एक मोठे काम होते : विस्तव जपणे. आगपेटी घराघरांत पोचण्यापूर्वी रात्री निखारे राखेखाली दाबून ठेवत. राखेतून हवा फार थोडी झिरपते आणि उष्णताही सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे निखारा पहाटेपर्यंत टिकतो. सकाळी राख बाजूला सारून फुंकणीने फुंकर घातली की तो पुन्हा फुलतो. ज्या घरचा विस्तव विझे, तेथून शेजारी खापरी घेऊन विस्तव मागायला जावे लागे.

६/
ज्या गुणामुळे विस्तव टिकतो, त्याच गुणात धोकाही आहे. वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात तासन्‌तास निखारा जिवंत राहू शकतो. अशी राख वाऱ्याच्या दिवशी कडब्याच्या गंजीजवळ किंवा वाळल्या उकिरड्यावर टाकली तर आग लागायला एक ठिणगी पुरे. म्हणून राख निवू द्यावी, शंका असल्यास पाणी शिंपडावे, गंजी व गोठ्यापासून लांब टाकावी, असे नियम घरोघर पाळले जात. गवताने शाकारलेल्या छपरांच्या गावात या नियमांवर साऱ्या आळीचे भवितव्य अवलंबून असे.

७/
पण राख थेट टाकून द्यायची हे फार थोड्यांना परवडत असे. चाळलेल्या राखेने भांडी घासत. राखुंडीने दात घासत. मूग-मठासारखी कडधान्ये राखेत घोळून ठेवली की कीड सहसा लागत नाही. राखेचे बारीक कण किडीच्या अंगावरचे आवरण खरवडतात आणि ती शुष्क होऊन मरते. परसातील वांग्या-भोपळ्यांच्या पानांवर मावा पडला की सकाळच्या दवात राख धुरळत. उरलेली उकिरड्यावर शेणाबरोबर कुजे आणि वैशाखात गाडीतून शेतात जाई.

८/
राखेने भांड्याचा ओशटपणा निघतो, तो केवळ घर्षणाने नाही. लाकडाच्या राखेत मुख्यतः कॅल्शियमचे, आणि त्याखालोखाल पोटॅशियमचे क्षार असतात. पाण्यात ते विद्राव अल्कधर्मी करतात व तेलाशी संयोग पावून साबणासारखा पदार्थ बनवितात. आपल्याकडे ही विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील अकरावा अध्याय क्षारपाकविधीचा आहे. वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून, गाळून आणि आटवून शस्त्रकर्माला पूरक असा क्षार कसा करावा, याचे विवेचन त्यात आहे.

९/
हीच क्रिया युरोपात लोखंडी हंड्यांत होत असे. हंड्यातील राख म्हणून तिचे इंग्रजी नाव ‘पॉटॲश’, आपल्या बोलण्यातले ‘पोटॅश’. १८०७ मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी त्यातून नवे मूलद्रव्य वेगळे केले, त्याला पोटॅशियम हे नाव मिळाले. अमेरिकेने ३१ जुलै १७९० रोजी आपले पहिले पेटंट दिले तेही राखेपासून पोटॅश करण्याच्या सुधारित पद्धतीबद्दल, सॅम्युएल हॉपकिन्स यांना. साबण, काच, कापड या उद्योगांना राखेची एवढी गरज होती की त्यासाठी अरण्ये जाळली जात.

१०/
आज श्रीरामपूरचा ऊस उत्पादक शेतकरी खताच्या दुकानात ‘पोटॅश’ मागतो, तेव्हा त्याच्या तोंडी चुलीच्या राखेचेच जुने नाव असते. फरक एवढाच की पोते परदेशातील खाणींतून आलेले असते. म्युरेट ऑफ पोटॅशसाठी भारत आयातीवर अवलंबून आहे. उकिरड्यातून शेतात जाणाऱ्या राखेने पिकाची सारी गरज कधीच भागत नव्हती. तरी जमिनीतून घेतलेल्या क्षाराचा काही अंश त्याच जमिनीला परत जात होता. ती साखळी आता तुटली आहे.

११/
आता मूळ मुद्द्याकडे येऊ. भांडी, दात, धान्य, खत एवढे सारे होऊनही राख उरतच असे. काही अंगणात सांडे, काही परसातील खड्ड्यात जाई, काही पडक्या घराच्या जागी टाकली जाई. शेकडो वर्षे हे घडले की गावाखालची जमीन उंच होते आणि तिचा रंग बदलतो. दख्खनची जमीन काळी. तिच्यावर राख, चुना, शेण आणि विरघळलेल्या मातीच्या भिंती मिसळून फिकट, भुरकट, भुसभुशीत माती तयार होते. तिलाच आपण ‘पांढरी’ म्हणतो.

१२/
मराठी मुलखाच्या जुन्या व्यवहारात गावाचे दोन भाग मानत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गाव उठून गेले तरी ‘पांढर’ हे नाव शेताला चिकटून राहते. एखाद्या शिवारात ‘पांढरीचे टेकाड’ असे नाव कानी पडले, तर तेथे केव्हातरी माणसे राहत होती असा तर्क करता येतो. महाराष्ट्रातील अनेक प्राचीन स्थळे संशोधकांना अशाच नावांवरून आणि मातीच्या रंगावरून सापडली. आपल्या भाषेने राखेची ही नोंद पुरातत्त्वशास्त्राच्या कितीतरी आधी करून ठेवली होती.

१३/
पुरातत्त्वज्ञ ही राख वाचतो कशी? खणलेल्या खड्ड्याची उभी बाजू स्वच्छ तासली की तिच्यात करड्या रंगाच्या पातळ पट्ट्या दिसतात. राखेखालची माती भाजून तांबूस झाली असेल, तर विस्तव त्याच जागी पेटत होता. माती भाजलेली नसेल, तर राख अन्यत्र निवून येथे आणून टाकली गेली. मधोमध जाड आणि कडांना निमुळती होत जाणारी पट्टी बहुधा टोपलीने ओतलेल्या ढिगाची असते. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी कोणी तरी घरातून बाहेर येऊन टोपली रिकामी केली, ती कृतीच आपल्याला दिसते.

१४/
राखेत आणखी एक ठेवा असतो. चुलीत सांडलेला दाणा हवेअभावी पुरता न जळता कोळसा होऊन राहतो. कोळसा कुजत नाही, किडीला खाता येत नाही; दाण्याचा आकार जसाच्या तसा राहतो. ती राखमाती पाण्यात कालवली की माती तळाशी बसते आणि हलके जळके दाणे वर तरंगतात. दायमाबादच्या जळक्या धान्यांत गहू, जव, मसूर, वाटाणा ओळखता आले. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ पासून डेक्कन कॉलेजने वर्षानुवर्षे उत्खनन केले. तेथील वनस्पती-अवशेषांच्या अभ्यासातून मु. द. काजळे यांनी दाखविले की जव हे त्या वस्तीचे प्रमुख धान्य होते.

१५/
जरा विचार करा. आज ज्वारी-बाजरीच्या भाकरीला आपण अनादी मराठी अन्न समजतो. त्याच भूमीत तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरात जव शिजत होता, हे आपल्याला कोणत्या शिलालेखाने सांगितले? एकाही नाही. तेव्हा येथे लेखनाची परंपराच नव्हती. हे सांगितले स्वयंपाकात निसटलेल्या आणि झाडून राखेबरोबर फेकलेल्या चार दाण्यांनी. ज्या व्यक्तीच्या हातून ते निसटले तिचे नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण तिच्या घरचे जेवण कळले.

१६/
राखेतला कोळसा काळही सांगतो. झाड जिवंत असेपर्यंत हवेतील किरणोत्सारी कार्बन-१४ शोषत असते; ते मेले की हा साठा घटू लागतो आणि सुमारे ५७३० वर्षांत निम्मा होतो. उरलेले प्रमाण मोजून वय काढण्याची ही पद्धत विलर्ड लिबी यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस विकसित केली. त्यासाठी त्यांना १९६० चे नोबेल मिळाले. १९६० च्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय स्थळांवरील कोळशाची अशी मापने होत, पुढे ते काम अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत गेले. यातही सावधगिरी लागते : जुन्या खोडाचे लाकूड जाळलेले असेल तर वय अधिक निघते, म्हणून एका हंगामात उगवलेला जळका दाणा अधिक विश्वसनीय.

१७/
आता त्या कांस्यरथाकडे परत येऊ. तो अपूर्व आहे, पण तो प्रशिक्षित हातांनी अस्पर्श थरातून उचलला गेला नाही. त्याच्या सभोवारची माती, तिच्यातली राख, तिच्यातला कोळसा, हे सारे नोंद होण्यापूर्वीच हलले. उत्खननकर्त्यांनी नंतर त्या जागेची तपासणी करून ही शिल्पे उत्तर हडप्पा काळातली मानली. डी. पी. अग्रवाल यांनी मात्र धातूतील आर्सेनिकचे प्रमाण पाहून ती बरीच नंतरची, ऐतिहासिक काळातली असावीत असे मत मांडले. हा वाद पुरता मिटलेला नाही. सोबतची मूठभर कोळशाची राख जागच्या जागी नोंदली गेली असती, तर तिने या ६० किलो धातूला काळाची साक्ष दिली असती.

१८/
राखेला कमी लेखू नये याचे आणखी एक उदाहरण दक्षिणेत आहे. कर्नाटक, तेलंगण, आंध्रात राखेची प्रचंड टेकाडे आहेत. ही राख कशाची, यावर एकोणिसाव्या शतकात अनेक तर्क झाले. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ती नवाश्मयुगीन लोकांच्या गुरांच्या शेणाची असल्याचे म्हटले. १९५७ मध्ये रेमंड ऑल्चिन यांनी तेलंगणातील उतनूर येथे उत्खनन केले. तेथे गुरांच्या कोंडवाड्याचे कुंपण आणि राखेत उमटलेले खुरांचे ठसे मिळाले. साचलेले शेण वेळोवेळी पेटविले जात होते. एका संपूर्ण पशुपालक समाजाचा इतिहास राखेने जपला होता.

१९/
प्रवरेकाठी राखेचे प्रमाण व रूप विसाव्या शतकात बदलले. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. त्यावरील बेलापूर स्थानकाच्या परिसरात आजचे श्रीरामपूर वाढले. १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी फिरले आणि ऊस आला. गुऱ्हाळांच्या चुलवाणांत चिपाडे जळू लागली. १९५० मध्ये शेजारच्या लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले. उसाच्या चिपाडाच्या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे; ती घरच्या टोपलीने वाहण्याजोगी राहिली नाही, तिला ट्रॅक्टर लागले.

२०/
घरातली राख मात्र कमी होत गेली. आधी रॉकेलचे स्टोव्ह, मग गॅसच्या टाक्या. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यावर गॅस दूरच्या वाड्या-वस्त्यांपर्यंत पोचला. याबद्दल हळहळण्याचे कारण नाही. घरातील प्रदूषित हवेमुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. फुंकणी फुंकून डोळे लाल झालेल्या आजीला चुलीचे गोडवे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढेच लक्षात ठेवावे की आपल्या स्वयंपाकघरातून राखेचा कणही मागे राहत नाही, अशी प्रवरेकाठची ही पहिलीच पिढी.

२१/
खरी चिंता वेगळी आहे. जी राख आधीच साचलेली आहे, ती वाहून जात आहे. पांढरीची माती धाब्याच्या घरांवर पसरायला, भिंती व गढ्या रचायला पूर्वापार वापरली जाई. ती कसदार असल्याने शेतकरी ती शेतातही टाकत आले. बैलगाडी आणि फावडे होते तोवर टेकाड सावकाश झिजे. आता खोदणारे यंत्र आणि डंपर एका दिवसात जेवढी माती उचलतात, तेवढी साचायला कित्येक पिढ्या लागल्या होत्या. शेतात पसरलेल्या त्या मातीतून पीक चांगले येईल. पण कोणती राख कोणत्या राखेवर होती, तो क्रम नष्ट होतो. आणि क्रम गेला की इतिहास गेला.

२२/
म्हणून तरुण मित्रांना एक विनंती. तुमच्या शिवारात ‘पांढर’ नावाचे शेत वा टेकाड असेल तर त्याच्याकडे नीट पाहा. कापलेल्या कडेला करड्या पट्ट्या, काळ्या नक्षीची तांबडी खापरे, हाडांचे तुकडे दिसले, तर काहीही उचलू नका, खणू नका. छायाचित्र घ्या, जागा व तारीख नोंदवा आणि राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला अथवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. शेतकऱ्याशी भांडू नका. त्याच्या पायाखाली काय आहे हे त्याला समजावून सांगा. बहुतेकदा तो मनापासून ऐकतो.

२३/
आणि एक सोपे काम आजच करता येईल. घरातील आजीला किंवा पणजीला विचारा : आपल्या चुलीची राख कोण काढत असे, कशात भरत असे, कोठे टाकत असे? कोणत्या लाकडाची राख भांड्यांना चांगली आणि कोणती दातांना? हे ज्ञान अजून माणसांच्या आठवणीत आहे, परंतु त्या माणसांचे वय झाले आहे. उत्तरे गावाच्या नावासह लिहून ठेवा आणि जमल्यास या धाग्याखाली कळवा.

धागा समाप्त.